मऊ प्रवाळ आणि त्यांचे शैवाल : संकटकाळातील भागीदारी



पोवळे हा शब्द या सभागृहातील प्रत्येकाच्या परिचयाचा आहे. नवरत्नांत त्याची गणना होते, मंगळाचे रत्न म्हणून ते बोटात धारण केले जाते आणि सराफाच्या पेढीवर रतीच्या हिशेबाने त्याचा भाव ठरतो. मात्र हे रत्न खाणीतून निघत नाही. भूमध्य समुद्रात वाढणाऱ्या एका प्राण्याच्या वसाहतीचा तो सांगाडा आहे. त्या प्राण्याच्या प्रत्येक इवल्याशा मुखाभोवती बरोबर आठ स्पर्शक असतात आणि प्रत्येक स्पर्शकाला पिसासारख्या बारीक शाखा फुटलेल्या असतात. या अष्टस्पर्शक घराण्यातील जी मंडळी असा टणक सांगाडा न बांधता मांसल, लवचीक देहानेच आयुष्य काढतात, त्यांना मऊ प्रवाळ म्हणतात. आजचे विवेचन त्यांच्याविषयी आणि त्यांच्या अंगात भागीदार म्हणून नांदणाऱ्या सूक्ष्म शैवालांविषयी आहे.

समुद्रातील प्रवाळभित्ती उभारण्याचे श्रेय कठीण प्रवाळांना दिले जाते आणि ते योग्यच आहे. त्यांचे स्पर्शक सहा किंवा सहाच्या पटीत असतात आणि ते पिढ्यान्‌पिढ्या चुनखडीचे थर रचत जातात. मऊ प्रवाळ असे बांधकाम फारसे करीत नाहीत. त्यांच्या मांसात चुनखडीच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या काटक्या विखुरलेल्या असतात, तेवढाच काय तो आधार. सार्कोफायटन हा मऊ प्रवाळ एखाद्या मोठ्या अळंबीसारखा दिसतो, सिन्युलेरिया हाताच्या बोटांसारखा, तर झेनिया म्हणजे देठांवर उमललेल्या फुलांचा गुच्छ. फरक एवढाच की ही फुले मुठीप्रमाणे सतत मिटतात आणि उघडतात. तांबड्या समुद्रापासून ओकिनावा बेटांपर्यंत आणि ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफपर्यंत उथळ, उबदार पाण्यात त्यांची वस्ती आहे. दागिन्यातील लाल पोवळे अंधाऱ्या कपारीत राहते आणि त्याला शैवालाची सोबत नसते. उथळ पाण्यातील या मऊ भाईबंदांपैकी बहुतेकांचा संसार मात्र सूर्यप्रकाशावर आणि शैवालावर चालतो.

हे शैवाल एकपेशीय असून मिलिमीटरच्या सुमारे शंभराव्या भागाएवढे असते. १९६२ साली फ्रॉइडेन्थाल या शास्त्रज्ञाने त्याला सिम्बायोडिनियम हे नाव दिले. पुढे कित्येक दशके सर्वत्र एकाच कुळाचे शैवाल आहे असे धरले जाई. आनुवंशिक तपासणीची साधने आली तेव्हा त्या एका नावाखाली अनेक निरनिराळी कुळे दडलेली असल्याचे उघड झाले आणि २०१८ साली त्यांची रीतसर फोड करण्यात आली. त्यांतील दोन नावे पुढे उपयोगी पडतील : क्लॅडोकोपियम आणि ड्युरस्डिनियम. नावे जड आहेत, परंतु व्यवहारात एकाच आडनावाच्या दोन भावांचे स्वभाव वेगळे असावेत, तसेच हे प्रकरण आहे. दुसरा भाऊ उष्णता अधिक सोसतो; त्याच्याकडून मिळणारा वाटा मात्र अनेकदा कमी असतो.

भागीदारीचे कलम साधे आहे. शैवाल प्रवाळाच्या पेशीच्या आत राहते. प्रवाळ त्याला सुरक्षित जागा, उजेड, श्वासातून निघणारा कार्बन डायऑक्साइड आणि स्वतःच्या शरीरातील नत्रयुक्त टाकाऊ द्रव्य पुरवतो. शैवाल प्रकाशसंश्लेषण करून साखर आणि इतर पोषक द्रव्ये बनवते आणि त्यांचा मोठा हिस्सा यजमानाच्या खात्यात जमा करते. कठीण प्रवाळांत हा हिस्सा नव्वद टक्क्यांपर्यंत जातो. एकाने टाकलेले दुसऱ्याचे भांडवल ठरते. म्हणूनच पोषणाच्या दृष्टीने जवळजवळ रिकाम्या असलेल्या निळ्या पाण्यात ही समृद्ध वस्ती उभी राहू शकते. प्रवाळभित्तींनी समुद्रतळाचा एक टक्काही व्यापलेला नाही, तरी सागरी जीवजातींपैकी सुमारे एक चतुर्थांश जातींचा त्यांच्याशी संबंध येतो.

शैवाल पेशीच्या आत जाते कसे, हा प्रश्न दीर्घकाळ अनुत्तरित होता. २०२० साली अमेरिकेतील कार्नेगी संस्थेच्या यिशिआन झेंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात झेनियावरील संशोधन प्रसिद्ध केले. झेनियाच्या अंगातील एकेका पेशीची जनुकीय नोंद तपासून त्यांनी शैवाल सामावून घेणारी विशिष्ट पेशी शोधून काढली. ही पेशी शैवालाला ओळखते, गिळते. मात्र गिळलेले पचवून न टाकता जतन करते. काही काळ त्याला सांभाळल्यावर तिचेही वय होते आणि तिची जागा नव्या पेशी घेतात. म्हणजे ही भागीदारी एकदाच सही करून कपाटात ठेवलेला दस्तऐवज नसून तिचे नूतनीकरण अखंड चालू असते. ज्या भागीदारीला रोज नूतनीकरण लागते, ती बिकट दिवसांत रोज मोडूही शकते, हे येथे ध्यानी घ्यावे लागते.

आता संकटाकडे वळू. समुद्राचे पाणी नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा अवघे एक अंश सेल्सिअसने वाढले आणि ते काही आठवडे तसेच राहिले, तर बिघाड सुरू होतो. माणसाला एका अंशाचा फरक अंगाला जाणवतही नाही. शैवालाच्या प्रकाशसंश्लेषणाच्या यंत्रणेला मात्र तो असह्य होतो. प्रखर ऊन येतच राहते, ते वापरण्याची क्षमता मात्र खुंटते आणि न वापरली गेलेली ऊर्जा ऑक्सिजनला विघातक रूप देते. हा विघातक ऑक्सिजन प्रथम शैवालाला जाळतो आणि मग यजमानाच्या पेशीत झिरपतो. दोघांकडेही त्याला निष्प्रभ करणारी विकरे असतात आणि काही काळ ती पुरी पडतात. साठा संपला की यजमानापुढे शैवाल बाहेर टाकण्यावाचून पर्याय उरत नाही. कोण कोणाला सोडतो, याचे उत्तर मात्र दिसते तितके सरळ नाही. केव्हिन स्ट्रायकर आणि सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सार्कोफायटन, सिन्युलेरिया आणि झेनिया यांना ३४ अंशांपर्यंतच्या पाण्यात ठेवले होते. गमावलेल्या शैवालांपैकी कित्येक आधीच मेलेली वा मरणपंथाला लागलेली आढळली. म्हणजे ज्याला हकालपट्टी म्हटले जाते, त्यातील काही भाग अंत्ययात्रेचाच असतो.

शैवाल गेले की प्रवाळ पांढरा पडतो, कारण त्याचा तपकिरी वर्ण मुख्यतः शैवालाचाच असतो. इंग्रजीत यालाही ‘ब्लीचिंग’च म्हणतात. कापडाच्या धंद्यात हा शब्द रोजचा आहे. तेथे कोरे कापड पांढरे करणे ही पुढच्या रंगाची तयारी असते. प्रवाळाच्या बाबतीत पांढरेपणा म्हणजे चुलीतला विस्तव विझल्याची खूण. प्रवाळ त्या क्षणी मेलेला नसतो. तो उपाशी असतो, आणि किती दिवस उपाशी राहू शकतो यावर पुढचे सारे अवलंबून असते.

येथे मऊ प्रवाळाचे काही गुण कामी येतात. पहिला म्हणजे त्याने सगळी भिस्त एकाच मिळकतीवर ठेवलेली नसते. ऑस्ट्रेलियातील काथारिना फॅब्रिशियस आणि डेव्हिड क्लंप यांनी १९९५ साली दाखवून दिले की ग्रेट बॅरियर रीफवरील अनेक मऊ प्रवाळांचा रोजचा खर्च केवळ शैवालाच्या कमाईवर भागत नाही. पाण्यातून वाहत येणारे सूक्ष्म अन्नकण आणि विरघळलेली द्रव्ये यांचीही त्यांना जोड लागते. सुबत्तेच्या काळात हा उणेपणा वाटावा, पण शैवाल निघून गेल्यावर ज्याला आधीपासून बाहेरची कमाई ठाऊक आहे तो थोडा अधिक तग धरतो. दुसरा गुण म्हणजे आखडून घेणे. ओहोटीत पाणी उतरले, ऊन फार झाले किंवा गाळ बसला की सार्कोफायटन आपले सगळे पॉलिप आत ओढून घेतो आणि चामड्यासारखा गुळगुळीत होऊन दिवसेंदिवस निपचित राहतो; मग अंगावर मेणासारखा पापुद्रा धरतो आणि कात टाकावी तसा तो टाकून देऊन पुन्हा उमलतो. उन्हापासून रक्षण करणारी द्रव्येही त्याच्या अंगात असतात. शत्रूने खाऊ नये म्हणून लागणाऱ्या कडवट रसायनांचा साठा तर इतका विपुल असतो की औषधशास्त्रज्ञ त्यांच्यामागे लागले आहेत, पण तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे.

झेनिया कुळातील मंडळींची हालचाल मात्र थोडे थांबून पाहण्यासारखी आहे. तांबड्या समुद्राच्या उत्तर टोकाला, एलातच्या किनाऱ्यालगत हेटेरोझेनिया नावाचा मऊ प्रवाळ राहतो. त्याचे आठ स्पर्शक अहोरात्र मिटत-उघडत असतात. प्रवाळासारख्या एका जागी खिळलेल्या प्राण्याने एवढी शक्ती कशासाठी खर्चावी, हे कोडेच होते, कारण ही हालचाल भक्ष्य पकडण्यासाठी दिसत नव्हती. २०१३ साली माया क्रेमियन आणि सहकाऱ्यांनी पाण्याखाली कॅमेरे लावून पाण्याचा प्रवाह मोजला आणि कोडे उलगडले. शैवाल काम करीत असताना त्याच्याभोवती ऑक्सिजन साचतो आणि साचलेला ऑक्सिजन त्याच्याच कामात अडथळा आणतो. स्पर्शकांच्या उघडझापेने हे पाणी झटकले जाते, ताजे पाणी येते आणि शेजाऱ्याने वापरलेले पाणी पुन्हा वाट्याला येत नाही. स्पंदन चालू असताना प्रकाशसंश्लेषणाचा वेग विश्रांतीच्या तुलनेत सुमारे दहापट आढळला. दुपार कलताना संपूर्ण वसाहत थोडा वेळ हालचाल थांबवून विसावते, हेही त्यांनी नोंदवले. उन्हाळ्यात कामगारांना पंख्याने वारा घालणारा मालक क्वचित पाहायला मिळतो. हा जीव ते काम जन्मभर करतो.

दुसरे संकट समुद्राच्या बदलत्या रसायनाचे आहे. हवेतील वाढलेला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो, पाण्याची आम्लता वाढते आणि चुनखडीचे बांधकाम अवघड होते. या बाबतीत मऊ प्रवाळाची बाजू स्पष्टपणे भक्कम आहे. इस्रायलमधील गबाय, बेनायाहू आणि फाइन यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मऊ प्रवाळांना पाच महिन्यांपर्यंत आम्लतर पाण्यात ठेवले, तरी त्यांच्यात लक्षणीय बिघाड झाला नाही. मांसाचे आवरण आतील काटक्यांचे रक्षण करते, असे पुढील अभ्यासात दिसले. प्रयोगशाळेबाहेरचा पुरावा जपानमधील इवोतोरिशिमा या ज्वालामुखी बेटाजवळ मिळाला. तेथे समुद्रतळातून कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे निघतात. बुडबुड्यांपासून दूर नेहमीच्या पाण्यात कठीण प्रवाळ नांदतात. जरा जवळ, मध्यम आम्ल पाण्यात कठीण प्रवाळ मागे पडतात आणि सार्कोफायटनचे गालिचे पसरतात. त्याहून जवळ गेले की तेही संपतात. एकाच किनाऱ्यावर थोड्याशा अंतरात ही तिन्ही दृश्ये आहेत, आणि कोणत्याही आलेखापेक्षा ती अधिक बोलकी आहेत.

या सर्व गुणांमुळे ‘मऊ प्रवाळ चिवट असतात, ते निभावून नेतील’ असे म्हणण्याची प्रथा पडली. हे मत अर्धेच खरे आहे. जगणे आणि सावरणे या निराळ्या गोष्टी आहेत, हे ग्रेट बॅरियर रीफवरील लोबोफायटम या मऊ प्रवाळाने दाखवले. मिखालेक-वॅग्नर आणि विलिस यांनी २००१ साली मांडलेल्या अभ्यासात रंग गमावून बसलेल्या वसाहती जिवंत राहिल्या. वरवर पाहणाऱ्याने त्यांना बरे झाल्याचा दाखलाच दिला असता. परंतु त्यांची अंडी कमी झाली, आकाराने लहान झाली आणि ज्यांना जबर फटका बसला होता त्यांच्या अंड्यांचे फलनच झाले नाही. हा परिणाम एका हंगामात पुसला गेला नाही. पेढी उघडी दिसते, दिवाबत्ती होते, मात्र पुढची पिढी गादीवर येत नाही, अशी ही स्थिती.

संकटात भागीदार बदलण्याचा मार्गही असतो. कमी सोसणारे शैवाल गेल्यावर त्या जागी उष्णता सोसणारे ड्युरस्डिनियम वस्तीला आले, तर प्रवाळ पुन्हा उभा राहू शकतो. परंतु अष्टस्पर्शक घराण्यात बहुतेकांची निष्ठा एकाच कुळातील शैवालाशी असते, असे आजवरच्या पाहणीतून दिसते. माणसांत हा गुण गौरवाचा मानला जातो. पाणी तापू लागल्यावर तो अडचणीचाही ठरू शकतो.

याहून महत्त्वाची बाब म्हणजे एकाच वेळी येणारी दोन संकटे. जर्मनीतील ब्रेमेन येथील संशोधकांनी झेनिया अम्बेलाटा या जातीवर केलेला प्रयोग २०२२ साली प्रसिद्ध झाला. पाणी टप्प्याटप्प्याने तापवले, तरी झेनियाने ते बव्हंशी सोसले. नुसते नायट्रेट वाढवले, तेही सोसले. मात्र तापलेल्या पाण्यात भरपूर नायट्रेट मिसळले तेव्हा स्पर्शकांची उघडझाप मंदावली आणि काही वसाहती मरू लागल्या. शेतातील खत आणि शहरातील सांडपाणी समुद्राला मिळाले की पाण्यात हेच नायट्रेट वाढते. त्यामागची क्रिया प्रवाळांच्या इतर अभ्यासांतून बरीच स्पष्ट झाली आहे. शैवालाला नत्र मोजून-मापून देणे हीच यजमानाच्या हातातील लगाम असते. बाहेरून फुकटचे नत्र मिळू लागले की शैवाल बेसुमार वाढते, साखर स्वतःच्याच वाढीसाठी वापरते आणि यजमानाचा वाटा आटतो. नत्र उदंड आणि स्फुरद अपुरे, अशी विषमता आली तर शैवालाच्या पेशींची आवरणेच निकृष्ट बनतात आणि उष्णतेपुढे लवकर हार खातात. खत म्हणजे पोषण, हे शेतीतले गणित येथे उलटे पडते. समुद्राचे तापमान एका गावाला वा एका जिल्ह्याला उतरवता येणार नाही; किनाऱ्यावरून वाहून जाणारे सांडपाणी मात्र स्थानिक हातातील गोष्ट आहे.

जगभर प्रवाळांचे विरंजन होण्याच्या चार मोठ्या घटना आजवर नोंदल्या गेल्या आहेत. पहिली १९९८ ची, दुसरी २०१० ची, तिसरी २०१४ ते २०१७ या काळातील, आणि चौथी २०२३ पासूनची, जी एप्रिल २०२४ मध्ये अधिकृतपणे जाहीर झाली. जानेवारी २०२३ ते मार्च २०२५ या अवधीत जगातील ८४ टक्के प्रवाळक्षेत्राला विरंजन घडवण्याइतकी उष्णता सोसावी लागली. भारतात लक्षद्वीपने १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ अशी चार वेळा झळ अनुभवली. दोन आघातांमधील अंतर मोजले म्हणजे श्वास घ्यायला किती अवधी मिळतो हे कळते. तांबड्या समुद्राच्या उत्तर टोकाचे प्रवाळ उष्णतेला विशेष काटक मानले जातात. त्यांचे पूर्वज बाब-एल-मंदेबजवळील अतिशय उष्ण पाण्यातून पार होऊन तेथे पोहोचले, त्या चाळणीत कमजोर गळून गेले, असा तर्क २०१३ साली मांडला गेला. त्या आश्रयस्थानीही २०२४ च्या उन्हाळ्यात काही प्रवाळ पांढरे पडलेले दिसले.

अखेरीस प्रशांत महासागरातील एका बेटाकडे यावे लागेल. किरिबाती या देशातील हे बेट लिहिताना किरिटिमाटी आणि उच्चारताना जवळजवळ ‘किरिसमास’ होते, कारण १७७७ च्या नाताळच्या आदल्या दिवशी कॅप्टन कुक तेथे पोहोचला होता आणि त्यावरून पडलेले नाव स्थानिक लिपीत असे उतरले. २०१५-१६ च्या एल निनोमध्ये या बेटाभोवतीचे पाणी सुमारे दहा महिने तापलेले राहिले. कॅनडातील व्हिक्टोरिया विद्यापीठाच्या ज्युलिया बॉम यांचा गट तेथे आधीपासूनच पाहणी करीत होता. त्यांना एक अनपेक्षित गोष्ट दिसली. काही कठीण प्रवाळ पाणी अद्याप तापलेले असतानाच रंग परत मिळवू लागले होते. त्यांच्यातील क्लॅडोकोपियम गेले होते आणि ड्युरस्डिनियमने त्याची जागा घेतली होती. हे घडले ते मानवी वस्ती आणि तिच्या प्रदूषणापासून दूर असलेल्या जागी.

त्याच बेटाभोवतीचे मऊ प्रवाळ मात्र जवळजवळ नाहीसे झाले. ही हानी २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधामुळे प्रकाशात आली. तोवर तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नव्हते, याचे कारण त्यांच्या देहातच आहे. कठीण प्रवाळ मेला तरी त्याचा पांढरा सांगाडा वर्षानुवर्षे उभा राहतो, मोजणाऱ्याला मोजता येतो, छायाचित्रात दिसतो. मऊ प्रवाळ मेल्यावर त्याचे मांस थोड्याच दिवसांत विरघळते, आतील काटक्या वाळूत मिसळतात आणि खडक उघडा पडतो. त्या जागी कोणी होते हे सांगायला काही मागे उरत नाही. किरिटिमाटीला हे कळू शकले, कारण एल निनोच्या आधी त्याच खडकांवर पाण्यात उतरून कोणीतरी चौकटी आखून छायाचित्रे घेतली होती आणि त्यांत मऊ प्रवाळ दिसत होते.